मुंबईचं सीएसएमटी स्टेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदलापूर ते सीएसएमटी अशा येण्या-जाण्यात माझी एकवीस वर्षं गेली. ऑफिस स्टेशनपासून पाच मिनिटांवर. त्यामुळे नात्यातलं, गावाकडचं कुणीही मुंबईला कामासाठी येणार असलं, की आदल्या रात्री फोन मलाच येतो. कुणाची मंत्रालयात फाइल अडकलेली असते, कुणाच्या मुलीची मुलाखत असते, कुणाला सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटायचं असतं. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाचे लिहूनच काढले. या स्टेशनचे फोटो सगळे काढतात. ते वापरायचं कसं, हे मात्र नवख्या माणसाला कुणी धड सांगत नाही. म्हणून इथे भर त्यावर आहे.

व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी, बोरीबंदर: नक्की उतरायचं कुठे?

चारही नावं एकाच जागेची. बोरीबंदर सगळ्यांत जुनं. १८५३ मध्ये इथे पहिलं स्टेशन झालं ते याच नावाने. पुढे १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा नव्या इमारतीला तिचं नाव दिलं गेलं आणि ‘व्हीटी’ लोकांच्या तोंडी बसलं. १९९६ मध्ये नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. तेव्हापासून सीएसएमटी. टॅक्सीत बसून ‘व्हीटी’ म्हणालात तरी बरोबर पोचाल. माझी आजी शेवटपर्यंत ‘बोरीबंदर’च म्हणायची. रिझर्वेशन करताना मात्र सीएसएमटी हेच नाव बघा.

मुंबई सेंट्रल म्हणजे हेच ना?

नाही. आणि ही चूक फार महागात पडते. सीएसएमटी मध्य रेल्वेचं आहे. मुंबई सेंट्रल हे नावात ‘सेंट्रल’ असूनही पश्चिम रेल्वेचं स्टेशन आहे, गुजरात-राजस्थानकडच्या गाड्या तिथून सुटतात. तिसरं नाव लोकमान्य टिळक टर्मिनस, ते थेट कुर्ल्याला. तिकिटावर ‘मुंबई’ दिसलं म्हणून निघू नका, पुढचा शब्दही वाचा. ब्लॉक किंवा प्लॅटफॉर्मचं काम असलं की काही गाड्या दादर किंवा ठाण्यालाच थांबवतात. तेव्हा निघण्याआधी १३९ वर विचारलेलं बरं.

भारतातली पहिली रेल्वे याच इमारतीतून सुटली का?

जागा हीच, इमारत ही नाही. १६ एप्रिल १८५३ च्या दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली, तेव्हा इथे साधं स्टेशन होतं. चौदा डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. एकवीस तोफांची सलामी झाली. ठाण्यापर्यंतच्या ३४ किलोमीटरला तास-सव्वातास लागला. आज स्लो लोकल वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर थांबत थांबत साधारण तासाभरात ठाण्याला पोचते.

ती रेल्वे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, कंपनीची. ती उभी करण्यात नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई या मुंबईकरांचा मोठा वाटा होता. त्यांच्या मुद्रा इमारतीच्या दर्शनी भागावर कोरलेल्या आहेत. रोज त्यांच्याखालून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मान वर करून त्या पाहिल्या असतील. मलाही त्या दिसायला सात-आठ वर्षं लागली, आणि दिसल्या त्या दिवशी मी माझी नेहमीची ८.४६ आनंदाने सोडली.

इमारत कुणी बांधली? बघण्यासारखं काय आहे?

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुकाराने. काम १८७८ मध्ये सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली, आणि खर्च त्या काळचे सुमारे सोळा लाख रुपये. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. सबवेच्या तोंडाशी उभं राहिलात तर एकाच माणसाच्या हातच्या दोन इमारती समोरासमोर दिसतात. जगातल्या फार थोड्या चौकांच्या नशिबी हे असेल.

घुमटावर उभी असलेली बाई म्हणजे ‘प्रगती’. तिच्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक आहे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. मला मात्र या मोठ्या गोष्टींपेक्षा दगडातली पानंफुलं, मोर, माकडं, खारी जास्त आवडतात. सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं हे काम आहे. म्हणजे आराखडा साहेबाचा असला तरी छिन्नी-हातोडी इथल्या पोरांच्या हातात होती. लोकलच्या तिकीटघराचं छत नक्की बघा. निळ्या रंगावर सोनेरी तारे आहेत, म्हणून त्याला ‘स्टार चेंबर’ म्हणतात. तिकिटाच्या रांगेत मोबाइल खिशात ठेवून दोन मिनिटं वर बघा.

युनेस्कोने २००४ मध्ये हे स्टेशन जागतिक वारसा ठरवलं. इमारतीत मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, त्यामुळे आतला भव्य जिना आणि घुमटाखालची जागा केव्हाही बघता येत नाही. आतल्या वारसा संग्रहालयासाठी वेगळं तिकीट असतं आणि ते ठरावीक वेळीच उघडं असतं, आधी चौकशी करा. १८ नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूला ‘हेरिटेज गल्ली’ आहे, जुनी इंजिनं तिथे उघड्यावर मांडलेली आहेत. मुलं सोबत असतील तर तिथेच न्या.

माझी गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर?

एकूण अठरा प्लॅटफॉर्म. १ आणि २ हार्बरचे, ३ ते ७ मेन लाइनच्या लोकलचे, ८ ते १८ बाहेरगावच्या गाड्यांचे. हार्बरच्या गाड्या वाशी, बेलापूर, पनवेलला जातात. वडाळ्याला फाटा फुटून काही वांद्रे-अंधेरी-गोरेगावकडे वळतात. मेन लाइन ठाणे-कल्याणपर्यंत एक. कल्याणला तिचे दोन भाग होतात, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जत-खोपोलीकडे.

वयस्कर माणसांना घेऊन येणाऱ्यांसाठी एक दिलासा. हे टोकाचं स्टेशन आहे, रूळ इथे संपतात. त्यामुळे सगळे प्लॅटफॉर्म एका बाजूला जमिनीच्या पातळीवरच जोडलेले आहेत. एकापासून अठरापर्यंत जायला एकही जिना चढावा लागत नाही. दादर किंवा कुर्ल्याला पूल चढून गुडघे दुखवलेल्यांना याचं मोल कळेल. अंतर मात्र बरंच आहे. लोकलने येऊन मेल पकडायची असेल आणि हातात बोचकी असतील, तर दहा-पंधरा मिनिटं जास्तीची धरा. टॅक्सीने थेट मेलसाठी येत असाल तर पी. डि’मेलो रस्त्याच्या बाजूने या.

लोकलचा इंडिकेटर वाचायचा कसा?

इथेच नवखे गांगरतात. स्थानकाचं नाव दिसतं किंवा नुसतं अक्षर दिसतं. ‘टी’ म्हणजे ठाणे, ‘के’ कल्याण, ‘ए’ अंबरनाथ, ‘बीएल’ बदलापूर, ‘टीएल’ टिटवाळा, ‘केपी’ खोपोली. हे सरळ आहे. पण ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत! आणि शेजारच्या खणात ‘एफ’ म्हणजे फास्ट, ‘एस’ म्हणजे स्लो. म्हणजे एकच ‘एस’ अक्षर डावीकडे कर्जत आणि उजवीकडे स्लो. पुढचा आकडा डब्यांचा, बारा किंवा पंधरा. पंधरा डब्यांची गाडी असेल तर नेहमीच्या जागी उभं राहून उपयोग नाही, तुमचा डबा पुढे किंवा मागे सरकलेला असतो.

फास्ट गाडी भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे अशी मोजकी स्टेशनं घेते. पण सगळ्या फास्टचे थांबे सारखे नसतात, म्हणून उद्घोषणा ऐका. करी रोड आणि चिंचपोकळीला फास्ट थांबतच नाही. लालबागच्या गणपतीला येणारी मंडळी दर वर्षी फास्टमध्ये चढतात आणि थेट दादरला उतरतात. त्यांनी स्लो घ्यावी.

बोलताना ‘अप’ आणि ‘डाउन’ हे शब्द सारखे कानावर पडतील. सीएसएमटीकडे येणारी ती अप, सीएसएमटीहून जाणारी ती डाउन. मध्य रेल्वेचे किलोमीटर इथूनच मोजतात. रुळांकडेच्या खांबांवरचे आकडे त्या हिशोबाचे. आमच्या घरी कुणी रुसून बसलं की वडील विचारायचे, ‘आज अप की डाउन?’

गर्दी कधी असते? सामान घेऊन लोकलमध्ये चढता येईल का?

सकाळी आठ ते अकरा अप गाड्यांना आणि संध्याकाळी पाच ते नऊ डाउन गाड्यांना. म्हणजे सकाळी सीएसएमटीहून ठाण्याकडे जायचं असेल तर तुम्हाला बसायला जागा मिळेल, काळजी नको. उलटं असेल तर मोठी बॅग घेऊन त्या वेळेत चढूच नका. अकरानंतर निघा. ते अगदीच शक्य नसेल तर स्लो गाडी धरा.

संध्याकाळी इथून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळवणं हे एक शास्त्रच आहे. गाडी येताना पूर्ण थांबायच्या आतच लोक चढू लागतात. ते तुम्ही करू नका. दरवर्षी असे हातपाय जायबंदी होतात, आणि त्यातल्या दोघींना मी ओळखते. त्याऐवजी प्लॅटफॉर्मवर पुढे, मस्जिद स्टेशनच्या दिशेने चालत जा. फाटकाजवळचे डबे आधी भरतात, लांबच्या डब्यांत तीन-चार मिनिटं जास्त जागा राहते.

भरलेल्या डब्यातही बसलेले लोक दिसतील. त्यांतले बरेचजण ‘रिटर्न’ आलेले असतात. म्हणजे ऑफिस मस्जिदला किंवा भायखळ्याला, पण आधी उलट सीएसएमटीला यायचं आणि त्याच गाडीत बसून परत जायचं. वीस मिनिटं वाया जातात, पण दीड तास बसून जाता येतं. दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईला या वीस मिनिटांचा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. पास मात्र सीएसएमटीपर्यंतचा हवा, नाहीतर दंड भरावा लागतो.

तीन माणसांच्या बाकावर चौथा बसणार, हे धरून चला. ‘जरा सरका’ म्हणालात तर सरकतात. आमच्या महिलांच्या डब्यात ‘तुम्ही कुठे उतरणार?’ हा पहिला प्रश्न. उत्तर ‘दादर’ किंवा ‘घाटकोपर’ असलं तर ती जागा पुढे कुणाची, हे तिथल्या तिथे ठरतं. नवीन असाल तर तुम्हीही विचारा, कुणी वाईट मानत नाही. याच डब्यात मी लोकांना भाजी निवडताना, पोथी वाचताना, परीक्षेचे पेपर तपासताना पाहिलंय. माझ्या लेकीचं बारसं आधी घरी झालं आणि दुसऱ्या दिवशी ८.४६ मध्ये पेढे वाटून पुन्हा झालं.

तिकीट कुठे काढायचं?

खिडकीवर, मशीनवर किंवा मोबाइलवर. परत त्याच दिवशी जायचं असेल तर रिटर्नच काढा, संध्याकाळची रांग वाचते. एसी लोकल आणि फर्स्ट क्लासचं तिकीट वेगळं असतं. साधं तिकीट घेऊन चुकून त्या डब्यात चढलात तर दंड होतो, ‘माहीत नव्हतं’ चालत नाही. डब्यावर लाल-पिवळे पट्टे दिसले की तो फर्स्ट क्लास समजा आणि पुढच्या डब्याकडे वळा.

पहाटे बाहेरगावच्या गाडीने उतरलो तर सकाळपर्यंत कुठे थांबायचं?

विदर्भ, महालक्ष्मी, सिद्धेश्वर अशा रात्रीच्या गाड्यांनी राज्यभरची माणसं सकाळी इथे उतरतात. ऑफिसं दहानंतर उघडतात. तोवर प्रतीक्षालयात बसा, अंघोळीची सोय आहे, सामान क्लोक रूममध्ये ठेवता येतं. बॅगेला कुलूप हवं, नाहीतर क्लोक रूममध्ये घेत नाहीत. झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं पॉड हॉटेलही झालंय.

मला या स्टेशनचं हेच सगळ्यांत मोठं काम वाटतं. मुंबई राज्याची राजधानी आहे, आणि राज्यातला माणूस राजधानीत पाऊल ठेवतो तो बहुतेक वेळा याच फरशीवर. आझाद मैदान रस्त्यापलीकडे आहे. मोर्चाला आलेले शेतकरी, अंगणवाडी ताई, आंदोलक असे कितीतरी जण रात्री याच हॉलमध्ये पाठ टेकतात. कामावर जाताना त्यांच्यातून वाट काढावी लागते, तेव्हा काहीजण कुरकुरतात. मी कुरकुरणाऱ्यांना एवढंच सांगते की स्टेशन या माणसांचंही आहे, आणि ती आपल्यापेक्षा लांबून आलीत.

मंत्रालय, हायकोर्ट, चर्चगेट इथे कसं जायचं?

ऑक्टोबर २०२५ पासून हे सोपं झालं. भुयारी मेट्रो ३ चं स्टेशन इथेच आहे. मंत्रालयासाठी विधान भवन स्टेशनला उतरा, हायकोर्टासाठी हुतात्मा चौक, आणि पश्चिम रेल्वे पकडायची तर चर्चगेट. बेस्टच्या बस आणि शेअर टॅक्सीही आहेत. चर्चगेटला पायी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, शेजारीच, सेंट जॉर्ज हॉस्पिटल पी. डि’मेलो रस्त्याच्या बाजूला, क्रॉफर्ड मार्केट दहा मिनिटांवर. रस्ता ओलांडायला सबवे वापरा, वरून धावत जाऊ नका.

इथूनच सुटणाऱ्या खास गाड्या कोणत्या?

पहिलं नाव डेक्कन क्वीनचं. १९३० मध्ये सुरू झालेली ही मुंबई-पुणे गाडी सकाळी पुण्याहून येते आणि संध्याकाळी इथून परत जाते. तिला डायनिंग कार आहे. तिथे बसून घाटात चीज टोस्ट खाणं हे माझ्या मामांचं सुख होतं. दर १ जूनला प्रवासी तिचा वाढदिवस केक कापून साजरा करतात. नाशिककरांची पंचवटी, कोकणात आणि गोव्यात जाणारी सकाळची मांडवी, रात्रीची कोकणकन्या. १९१२ पासून धावणारी पंजाब मेल तर शंभरी ओलांडून गेली. सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारतही इथूनच. गणपतीत कोकणकन्येचा प्लॅटफॉर्म एकदा तरी बघावा. माणसांपेक्षा खोके आणि पिशव्या जास्त, आणि एकही चेहरा दमलेला नसतो.

देशातली पहिली विजेची गाडीही इथलीच ना?

हो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत.

रविवारी यायचं आहे, चालेल का?

मेगाब्लॉक बघून या. रुळांची आणि तारांची दुरुस्ती रविवारी साधारण अकरा ते चारच्या दरम्यान करतात. मेन लाइनला गाड्या एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवतात, हार्बरच्या तर बऱ्याचदा बंदच ठेवतात. रागावण्याआधी एवढं लक्षात घ्या की मध्य रेल्वे दिवसाला सुमारे १,८०० लोकल फेऱ्या चालवते, आणि रुळांना विसावा मिळतो तो एवढाच.

पावसात लोकल बंद पडली तर?

जिथे आहात तिथेच थांबा, रुळांवर उतरू नका. २६ जुलै २००५ ला हजारो लोक स्टेशनांवर आणि ऑफिसांत राहिले. आम्ही अकराजणी टेबलांवर झोपलो, समोरच्या चाळीतून कुणीतरी पिठलं-भात पाठवला. तेव्हापासून पावसाळ्यात माझ्या बॅगेत चणे, टॉर्च आणि एक कोरडा पंजाबी ड्रेस असतो. तुम्हीही ठेवा.

सगळ्यांत विचित्र शांतता मार्च २०२० ची. लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाल्या आणि जूनच्या मध्यात फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाल्या. माझी वहिनी नर्स, ती जायची. तिने मला रिकाम्या हॉलचा एक फोटो पाठवला होता. तो मला अजून बघवत नाही.

रात्री हे स्टेशन सुरक्षित आहे का? २६/११ नंतर काय बदललं?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बाहेरगावच्या गाड्यांच्या हॉलमध्ये अतिरेक्यांनी गोळीबार केला. इथे ५८ माणसं गेली. त्या रात्री उद्घोषकाने माइक सोडला नाही. कुठून बाहेर पडा, कुठे जाऊ नका, हे तो सांगत राहिला आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. आज आत येताना बॅगा तपासणारी यंत्रं, कॅमेरे आणि बंदूकधारी जवान दिसतात.

रोजच्या प्रवासाबद्दल विचाराल तर मी रात्री अकरालाही इथून एकटी निघालेली आहे. रात्रीच्या वेळी महिलांच्या डब्यात पोलीस असतो. तो दिसला नाही किंवा काही खटकलं तर १५१२ वर फोन करा. खिसे मात्र सांभाळा, विशेषतः चढताना.

खायला कुठे चांगलं मिळेल?

समोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत ‘आराम’चा वडापाव, सबवेच्या तोंडाशी ‘कॅनन’ची पावभाजी. घाईत असाल तर प्लॅटफॉर्मच्या स्टॉलवर चहा आणि वडा. १८ नंबरकडे जुन्या डब्यात थाटलेलं हॉटेलही आहे, मुलांना तिथे मजा वाटते.

शेवटची लोकल किती वाजता?

रात्री साडेबाराच्या सुमाराला. शेवटच्या गाड्या प्रत्येक मार्गाच्या वेगळ्या असतात आणि वेळापत्रक बदललं की वेळाही बदलतात, म्हणून आपल्या स्टेशनची शेवटची गाडी त्या दिवशीच बघून ठेवा. ती चुकली तर घाबरू नका, टॅक्सीसाठी पैसेही उधळू नका. प्रतीक्षालयात उजेड असतो, माणसं असतात, तिथेच बसा. मध्ये साडेतीन तासांचाच प्रश्न आहे. चारनंतर पहिली लोकल प्लॅटफॉर्मला लागते, आणि त्या गाडीत बसायला हवी ती खिडकी मिळते.